एअरबोट पाण्यावर उठत नाही? आधी मोठ्या इंजिनाचा नाद सोडा

गवतातला_बाजी
परवा दादा_टर्बो यांनी लिहिलं की माणसं वाढली आणि एअरबोट (मागे हवेत फिरणारा मोठा पंखा लावलेली सपाट तळाची बोट) पाण्यावर उठेनाशी झाली, म्हणजे वेग घेऊन पाण्याच्या वर सरकेनाशी झाली, तर औषध एकच, मोठं इंजिन. बाकीचे उपाय म्हणजे कंजूष लोकांची करमणूक. त्याखाली भराभर अंगठे उमटले. राहवलं नाही म्हणून हा वेगळा धागा.

इकडे मध्य फ्लोरिडात जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या बोटी उघडायचा मला छंद आहे. गेल्या हिवाळ्यात एक चौदा फुटी बोट आली. मालकाने २२० अश्वशक्तीचं कॉन्टिनेन्टल, म्हणजे विमानाचं इंजिन, काढून गाडीचं व्ही-८ बसवलेलं. गिअरबॉक्स आला, रेडिएटर आला, त्यातलं पाणी आलं, आणि हे सगळं पार मागे. बोट पूर्वीपेक्षा जास्त बसायला लागली. मालकाचं म्हणणं, आता सुपरचार्जर टाकू.

मी मागच्या फळीजवळ फोमच्या कप्प्याला पाव इंची भोक पाडलं. आधी पिवळा ओला चुरा आला, मग तपकिरी पाण्याची बारीक धार लागली. बादली लावून जेवायला गेलो. परत आलो तर बादली वाहत होती आणि धार तशीच चालू. एका लिटरला एक किलो, हिशोब ज्याचा त्याने करावा. तरंगायला भरलेला फोम वर्षानुवर्षं पाणी पीत होता आणि मालक इंजिनाला शिव्या घालत होता.

दुसरं, तळाला लांब पट्टी लावून बघा. मागच्या दोन-तीन फुटांत तळ बाहेर फुगलेला असेल तर तिथे पाणी बोटीला खाली ओढतं, बूड बसतं, नाक वर जातं. तिसरं, पात्यांचा पिच, म्हणजे पंख्याची पाती किती तिरकी बसवली आहेत तो कोन. उभ्या बोटीवर पूर्ण थ्रॉटल देऊन इंजिन आपल्या आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) पोचतच नसेल, तर जी ताकद विकत घेतली आहे ती तरी कुठे वापरताय?

दादा_टर्बो
माझ्या नावाने धागा! आभार.

बाजीराव, तुम्ही गॅरेजमध्ये बादल्या भरता, मी पाण्यावर असतो. टोहोपेकालिगा तळ्याच्या कडेला हायड्रिलात, म्हणजे पाणगवतात, बोट बसली होती. बायको, तिचा भाऊ, सासरे, मी. थ्रॉटल फुल, बोट नुसती नाक वर करून कुंथतेय. शेवटी सासरे पँट दुमडून खाली उतरले. गुडघाभर चिखल, आणि वीस फुटांवर गेटर (मगर) डोळे काढून बघतोय. सासऱ्यांनी आजतागायत तो विषय सोडलेला नाही. त्या क्षणी मला तुमची पट्टी आणि कोनमापक नको होता, ५०० घोडे हवे होते. फोम ओला की कोरडा, थ्रस्ट, म्हणजे पंख्याचा रेटा, असेल तर बोट उठते. विषय संपला.

आणि तळाला पॉलिमर, म्हणजे घसरण्यासाठी प्लॅस्टिकचा पत्रा, लावलंय मी. नवीन. तरीही.

बापू_तारकर्ली
मेल्यांनो, इतक्या लिवलास, पण माणसा खय बसतत ता कोणीच सांगूक नाय!

आमच्याकडे रोजचंच आहे. पर्यटक येतात, सगळ्यांना मागे इंजिनाजवळ बसायचं असतं. नाक आभाळात, बोट काही उठत नाही. मी ओरडतो, "काका, पुढे सरका." दोन काका पुढे गेले की बोट लगेच सपाट. दादा, तुझे सासरे चिखलात उतरवायच्या आधी पुढच्या बाकावर बसवून बघायचे होतेस.

निवृत्त_नौकाकार
बापू, सल्ला तुमच्या बोटीसाठी बरोबर, या बोटीसाठी अर्धाच.

तुमच्या आउटबोर्डचा, म्हणजे बोटीच्या मागे टांगलेल्या इंजिनाचा, पंखा पाण्याखाली. तो ढकलतो तेव्हा नाक वर उचललं जातं, म्हणून वजन पुढे हवं. एअरबोटीचा पंखा पाण्याच्या चार-साडेचार फूट वर फिरतो. जोर वर, अडथळा खाली. थ्रॉटल दिला की नाक दाबलं जातं. अशा बोटीत सगळी मंडळी पुढे बसवलीत तर ती नाकाने पाणी नांगरेल. ते बूड बसण्याहून वाईट. आधी बघायचं की पूर्ण थ्रॉटलला नाक वर अडकतंय की खाली. दोन्हींची औषधं उलट आहेत.

आणि दादा, पॉलिमर गवतावर, चिखलावर, कोरड्यावर घसरायला उत्तम. पण उठण्याआधी बोट जिथे अडकते तिथला मुख्य विरोध घर्षणाचा नसतो, तिने स्वतः उभ्या केलेल्या लाटेचा असतो. चौदा फुटी बोट साधारण पाच नॉटला (ताशी नऊ किलोमीटरला) स्वतःच्याच लाटेत सापडते. पुढे जायचं तर तो चढ चढावा लागतो. त्यात पॉलिमरची मदत नगण्य. उलट ३/८ इंची पत्रा म्हणजे चौरस मीटरला जवळपास नऊ किलो. संपूर्ण तळाला किती होतील ते बघा.

उथळ पाण्यात आणखी गंमत आहे. फूटभर पाण्यात लाट ताशी सव्वासहा किलोमीटरच्या वर धावूच शकत नाही. त्या वेगाच्या आसपास बोट भयंकर जड लागते, आणि तो ओलांडला की एकदम हलकी. म्हणून जिथे बसलात तिथेच थ्रॉटल मारत राहण्यापेक्षा जरा खोल पाण्यात मागे जाऊन वेग घेऊन आलेलं बरं.

दादा_टर्बो
मागे? एअरबोटीला रिव्हर्स नसतो काका. ब्रेकही नसतो. पुस्तकातून उठा जरा.

निवृत्त_नौकाकार
वळून जा. रडर दिलेत ते शोभेला नाहीत. आणि मी बोटी बांधत होतो तेव्हा आपण पाटी-पेन्सिल घेऊन बसला असाल.

तळ्याकाठची
वाचतेय केव्हापासून. कोणाची बोट उठते आणि कोणाची नाही, हे मला पहाटे साडेचारला बिछान्यात कळतं. जिची उठत नाही ती पंधरा मिनिटं आमच्या खिडकीखाली पूर्ण थ्रॉटलवर असते. आई पुण्याहून आली होती, ती पहिल्या दिवशी भूकंप समजून मुलांना घेऊन पोर्चमध्ये. फ्लोरिडात सायलेन्सर सक्तीचा आहे ना? मग तो नुसता दाखवायला असतो का?

दादा_टर्बो
ताई, तळ्याकाठी घर घेतलंत. तळ्यावर बोटी असतात.

तळ्याकाठची
तळ्यावर बोटी असतात, विमानतळ नसतो. आणि आम्ही आधीपासून राहतोय, तुम्ही नंतर आलात. तुमच्या सासऱ्यांची बाजू मला हळूहळू पटायला लागली आहे.

उगाच_एक
ताई, मूळ दोषी अलेक्झांडर ग्रॅहम बेल. १९०५ साली नोव्हा स्कोशियात त्याच्या मंडळींनी इंजिन आणि पंखा तपासायला असली पहिली बोट काढली, नाव 'अग्ली डकलिंग'. ज्याने टेलिफोन दिला त्यानेच हाही आवाज दिला.

दादा_टर्बो
मी दहा फुटी काठीवर भगवा, सॉरी, केशरी झेंडा लावतो, सायलेन्सर लावतो, कायदा पाळतो. मग मी चोर कसा? ज्यांना शांतता हवी त्यांनी डोंगरात जावं.

तळ्याकाठची
फ्लोरिडात डोंगर दाखवा, उद्या निघते.

गवतातला_बाजी
अहो, भांडण थांबवा, कारण ताईंची तक्रार माझ्याच मुद्द्यावर येते. सायलेन्सर इंजिनाचा आवाज कमी करतो. तुमची झोप मोडणारा आवाज बराचसा पात्याच्या टोकांचा. ७२ इंची पंखा २७०० आरपीएमवर फिरला की टोकाचा वेग सेकंदाला २५८ मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या पाऊण. तेच पातं मोठं आणि रुंद घ्या, हळू फिरवा, आवाज उतरतो. आणि दादा, थ्रस्ट वाढतो! उभ्या बोटीवर थ्रस्ट हा ताकद आणि व्यास या दोघांवर सारखाच अवलंबून असतो. ताकद १० टक्के वाढवलीत तर थ्रस्ट जेमतेम साडेसहा टक्के वाढतो. व्यास १० टक्के वाढवा, तेवढाच वाढतो, आणि पेट्रोल जास्त लागत नाही. ताकद दुप्पट केलीत तरी थ्रस्ट दीडपटीच्या थोडा वर जाऊन थांबतो. आणि तुमचं दुप्पट ताकदीचं इंजिन काही हवेत तरंगत नाही, त्याचं वजन बुडावरच बसतं.

दादा_टर्बो
एक मिनिट. मोठा पंखा हळू फिरवायचा म्हणजे मध्ये गिअरबॉक्स लागणार. तुमचं लाडकं कॉन्टिनेन्टल थेट शाफ्टवर पंखा फिरवतं. गिअरबॉक्स म्हणजे व्ही-८. म्हणजे फिरून फिरून आपण माझ्या दुकानात आलात. चहा घेणार?

गवतातला_बाजी
व्ही-८ ला माझा विरोध कधी होता? नुसतं मोठं इंजिन घ्या आणि विसरा, या म्हणण्याला होता. पण ठीक आहे, गिअरबॉक्सचा मुद्दा तुमचा. घ्या, फ्रेम करून लावा. मात्र ते इंजिन बसवताना पेट्रोलची टाकी, बॅटरी कुठे हलवणार हे ठरवल्याशिवाय बसवू नका. गॅलनला सहा पौंड. चाळीस गॅलनची टाकी मागे ठेवली तर एक जाडजूड माणूस कायमचा बुडावर बसवल्यासारखं आहे.

बापू_तारकर्ली
म्हणजे माणसं हलवायच्या ऐवजी टाकी हलवायची. मी वेगळं काय सांगत होतो? काका मला अर्धे मार्क देऊन गेले.

आणि एक राहिलं. बूड जड असलेली बोट कशीबशी उठली आणि घाबरून थ्रॉटल एकदम सोडला, तर मागून आपलीच लाट येते आणि फळीवरून आत शिरते. आमच्याकडे अशी एक बोट किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर भरली. सगळे वाचले, मोबाइल सगळे गेले. हळू सोडायचा. हे कोणी शिकवत नाही.

निवृत्त_नौकाकार
बापू, हे मात्र पूर्ण मार्कांचं.

दादा_टर्बो
बरं. शनिवारी ट्रेलरसकट ट्रक स्टॉपच्या काट्यावर नेतो, मग रिकामा ट्रेलर. वजन इथे टाकतो. फोम कोरडा निघाला तर नव्या इंजिनाचे अर्धे पैसे बाजी देणार, सगळ्यांनी वाचून ठेवा.

गवतातला_बाजी
कोरडा निघाला तर पिच बघू. तुमची कार्बनची पाती हबवर, म्हणजे मधल्या तुंब्यावर, सैल करून वळवता येतात ना? बोल्ट ढिले करा, सगळी पाती एकसारखी एकेक अंशाने कमी करा, प्रत्येक वेळी बोट खांबाला बांधून आरपीएम बघा. लाल रेषेच्या पुढे जाऊ देऊ नका. याला फक्त पाना लागतो.

तळ्याकाठची
खांबाला बांधून पूर्ण थ्रॉटल? कुठल्या तळ्यावर, कुठल्या शनिवारी, ते आधी लिहा. मी त्या दिवशी बहिणीकडे टॅम्पाला जाते.

दादा_टर्बो
ताई, मी टॅम्पातच राहतो.