१० बाय १२ च्या खोलीत मॅग्नेपॅनचे चपटे पॅनल-स्पीकर, अँप (अॅम्प्लिफायर) किती वॉटचा घेऊ?

तानपुरा_१९: मंडळी, मॅग्नेपॅन एलआरएस घेतलेत, सध्या जुना ४० वॉटचा अँप लावलाय. तानपुरा इतका सुंदर लागतो की उठावंसं वाटत नाही, पण तबल्याची थाप जोरात आली की आवाज चिरका होतो आणि अर्ध्या तासात अँपवर हात ठेववत नाही. खोली एवढीशी, मग जास्त वॉट खरंच लागतात का?

खर्जप्रेमी: लागतात हो. पॅनलचा विद्युत अडथळा ४ ओहम आहे, आवाजाची पातळी कंपनी ८६ डीबी (डेसिबल) सांगते पण ती २.८३ व्होल्टला, म्हणजे २ वॉट झाले, १ वॉटला ८३च धरा, म्हणजे पॅनल पॉवर खातं, आणि पॉवर दुप्पट केली तरी वाढतात फक्त ३ डीबी. ८ ओहमला १०० वॉट आणि ४ ओहमला दुप्पटीच्या जवळ जाणारा अँप बघा, तुमच्या खोलीला भरपूर झाला. तोवर चिरकला की आवाज लगेच कमी करा, क्लिप होणारा (ताकद संपून आवाज विकृत करणारा) छोटा अँपही ट्वीटर (उंच सुरांचा भाग) जाळू शकतो.

रात्रपाळी: आणि पॅनल भिंतीला चिकटवून नाही ना ठेवलेत? मागूनही तेवढाच आवाज निघतो, निदान ३ फूट पुढे ओढा.

तानपुरा_१९: फूटभरच आहेत! आजच ओढतो.