राष्ट्रपतींना ‘थांबा’ म्हणता येतं का? पंतप्रधानांच्या अधिकारांबद्दल मदत हवी आहे

मंडळी, लेकीने यंदा अकरावीला राज्यशास्त्र घेतलंय आणि तिच्या प्रश्नांनी माझी त्रेधा उडते. ‘राष्ट्रपती नामधारी, खरा कारभार पंतप्रधानांचा’ असं सांगून मी सुटायला बघितलं, तर म्हणे, "मग सही कशाला लागते?"

कलम ५३ नुसार कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींची, कलम ७४ नुसार ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायची. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने हा सल्ला बंधनकारक ठरवला, ४४वीने तो एकदा फेरविचाराला परत पाठवायची सोय केली. इथवर ठीक.

घोडं अडलंय ते २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटेपाशी. आपल्याकडची राष्ट्रपती राजवट ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली आणि आठच्या सुमाराला राजभवनात शपथविधीही उरकला! केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक झालीच नव्हती. नियम १२ वापरून पंतप्रधानांनी शिफारस केली, राष्ट्रपतींनी सही केली. मग एकट्या पंतप्रधानांचा सल्ला हा मंत्रिमंडळाचा सल्ला कसा? आणि कोविंद ‘आधी बैठक घ्या’ म्हणू शकले असते का? कायद्याचे जाणकार असतील तर सोप्या भाषेत सांगा प्लीज.

प्रतिसाद १:
नियम १२ हा १९६१ च्या केंद्र सरकारच्या कामकाज नियमांतला. पंतप्रधानांना आवश्यक वाटलं तर नेहमीच्या पद्धतीला फाटा देता येतो, मंत्रिमंडळ मागाहून मंजुरी देतं. म्हणजे कागदोपत्री तो मंत्रिमंडळाचाच सल्ला. माझ्या मते पळवाट आहे, पण नियमात बसणारी.

कोविंद परत पाठवू शकले असते, एकदाच. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस परत धाडली आणि गुजराल सरकारने विषय सोडून दिला.

विधेयकांच्या बाबतीत तर नुसतं बसून राहायचीही सोय आहे, कारण कलम १११ मध्ये मुदतच नाही. १९८६ मध्ये संसदेने टपाल विधेयक मंजूर केलं. लोकांची पत्रं अडवायचे, उघडायचे वाढीव अधिकार त्यात सरकारला मिळणार होते. झैल सिंग यांनी सहीही केली नाही, परतही पाठवलं नाही. ते विधेयक पुढे कायदा झालंच नाही.

धागाकर्ती:
खूप आभार! टपालाचं प्रकरण लेकीला भलतंच आवडलं. आता नवीन शंका: कुणालाच बहुमत नसेल तर पंतप्रधान म्हणून कुणाला बोलवायचं, हे कुणाच्या सल्ल्याने? मावळत्या सरकारच्या?

प्रतिसाद २:
छे, तिथे राष्ट्रपती स्वतःच ठरवतात, आणि प्रत्येकाची रीत वेगळी. १९९६ मध्ये शंकर दयाळ शर्मांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून वाजपेयींना बोलावलं. सरकार १३ दिवसांत गेलं. १९९८ मध्ये तेच वाजपेयी आले, तेव्हा नारायणन यांनी आधी मित्रपक्षांच्या पाठिंब्याची पत्रं मागितली.