अनुभव धागा : घरातल्या वडीलधाऱ्यांना हिंडतं-फिरतं कसं ठेवलंत?

गावी आई-वडील दोघंच, मुलं मुंबई-पुण्यात, आणि फोनवर रोज एकच सांगणं, "आता आराम करा." या आरामानेच माणसं खुर्चीला खिळतात, असं माझं स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढच्यांसाठीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सुचवली. शिवाय निदान दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. हा तोलाचा भाग आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. रायगड ते सिंधुदुर्ग, कुणी काय केलंत ते सविस्तर लिहा.

रत्नागिरीहून :
बाबा रोज सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर जातात. मध्यंतरी गुडघे दुखतात म्हणून चालणं सोडायच्या बेतात होते. आमच्या आळीतल्या एका जुन्या खलाशाने विचारलं, "चालता कुठल्या वाळूवरून?" अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सकाळी ओहोटी असते, ओली वाळू टणक लागते. अष्टमीच्या सुमारास त्याच वेळी भरती; मग उरते वरची भुसभुशीत वाळू, पाय रुततो आणि घोट्या-गुडघ्यांवर ताण येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने कळते : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आता बाबा आदल्या रात्री कॅलेंडरवर तिथी बघतात. भरती असली की सरळ डांबरी रस्ता धरतात.

दापोलीहून, एक सून :
आगरात पंप बसला आणि सासूबाईंचं शिंपणं सुटलं. बघता बघता पाटावरून उठताना भिंत धरायला लागल्या. फिजिओथेरपिस्टने हात न टेकता खुर्चीतून उठ-बस करायला सांगितली. दोन दिवस केली, मग "हे कसलं खूळ!" दिरांनी शक्कल काढली : पडलेली सुपारी वेचायचं काम आईचं. परडी मात्र जमिनीवर नाही, स्टुलावर. म्हणजे दर मुठीला वाकणं आलं आणि पुन्हा सरळ उभं राहणं आलं. शेजारीण म्हणाली, म्हातारीला राबवता. म्हणू दे. सासूबाई आता भिंतीकडे न बघता उठतात, आणि सुपारी कमी भरली तर आम्हालाच जाब विचारतात.

गुहागरहून :
पावसाळ्याचं कुणी बोलत नाही. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं की पाखाडी उतरणं धोक्याचं. आम्ही ब्लीचिंग पावडर टाकून घासतो, अंगणातल्या वाटेवर झावळं टाकतो. चालणं मात्र पडवीतच. आई कठड्याला हात ठेवून एका पावलाच्या बोटांपुढे दुसऱ्याची टाच टेकवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. तोलासाठी हे फार उपयोगी.

मालवणहून :
आजीला बाजारात पाठवायला काका तयार नव्हते. ती म्हणाली, "माझो बांगडो मीच बघून घेतलंय!" आता ती पुढे, नातू पिशवी घेऊन मागे. उन्हं चढायच्या आत परत यायचं, एवढाच नियम. आपल्या दमट हवेत दुपारी चालणं नकोच.

राजापूरहून :
एक विनंती. छातीत दुखणं, चक्कर, थोडं चालून धाप लागणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, मग चालणं. उत्साहाच्या भरात हे राहून जातं.

अलिबागहून :
वडील काठी घ्यायला लाजायचे, म्हणून घराबाहेरच पडत नव्हते. त्यांच्याच वयाचे मित्र काठी घेऊन दारात आले, तेव्हा कुठे निघाले. घेताना एवढं बघा : ताठ उभं राहून हात खाली सोडला की मूठ मनगटाशी यावी, खाली रबरी बूच हवं, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. आमच्याकडे ती दुखऱ्याच बाजूला धरली जात होती. हात बदलल्यावर वडील देवळापर्यंत जाऊ लागले.