आजी, घरी संडास देशी की कमोड?
‘सर्जनने ऑपरेशनात हात चालवावा, रुग्णाशी बोलायला समुपदेशक आहेत’ असं एक मत मांडलं जातं, ते मला अर्धंच पटतं. ओपीडीत वेळ नसतो हे खरं. पण एमबीबीएसला २०१९ पासून वृत्ती, नीतिमत्ता आणि संवादाचा ‘एटकॉम’ अभ्यासक्रम आहेच, तो पुढे वॉर्डात दिसायला नको?

इंदूरला आईचा खुबा बदलला, तेव्हा रेसिडेंट डॉक्टर मुलीने एक्स-रे बघून झाल्यावर विचारलं, "आजी, घरी संडास देशी की कमोड? पूजेला खाली बसता?" रामबागेतलं जुनं घर आमचं, संडास देशीच. अशा ऑपरेशननंतर उकिडवं बसलं तर सांधा निखळू शकतो. हे धोके सर्जनलाच नेमके ठाऊक, मग विचारायचं कुणी? डिस्चार्जआधीच कमोडची खुर्ची आणली, देवघरापुढे स्टूल ठेवलं. देवांपेक्षा उंच बसायचं म्हणून आई कुरकुरली, ते वेगळं.