बिर्गिट फिशर: पदकांची बेरीज जुळत नाही, आणि ४२व्या वर्षी सुवर्ण कसं?

प्रश्न : पाणकाठ

जर्मन कायाकपटू (कायाक म्हणजे दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) बिर्गिट फिशरच्या कारकिर्दीवर टिपण लिहितोय. ऑलिंपिकमधली ८ सुवर्ण आणि ४ रौप्य असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण निकालांच्या याद्या चाळल्या तर तिच्या नावापुढे ७च पदकं दिसतात. उरलेली ५ कुठे आहेत? दुसरं म्हणजे, पहिलं सुवर्ण १८व्या वर्षी (मॉस्को १९८०) आणि शेवटचं ४२व्या वर्षी (अथेन्स २००४). दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीत हे कसं जमतं? आणि पूर्व जर्मनीसह सोव्हिएत गटाने १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकवर टाकलेल्या बहिष्कारात तिचं किती नुकसान झालं?

उत्तर : लाटकरी

आधी बेरीज. सोल १९८८ आणि बार्सिलोना १९९२ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये ती बिर्गिट श्मिट या नावाने उतरली होती, लग्नानंतरचं आडनाव. तुमची ५ पदकं तिथेच सापडतील. सोलला के-२ आणि के-४ची सुवर्ण, के-१चं रौप्य (के-१, के-२, के-४ म्हणजे अनुक्रमे एकटीची, दोघींची आणि चौघींची कायाक). बार्सिलोनाला के-१चं सुवर्ण, के-४चं रौप्य. देशही तपासा: १९८० आणि १९८८ पूर्व जर्मनीकडून, १९९२पासून एकत्रित जर्मनीकडून. नुसतं 'जर्मनी' शोधलंत तर मॉस्कोचं सुवर्णही निसटेल.

बहिष्काराचं म्हणाल तर १९८१, १९८२ आणि १९८३ या तिन्ही जागतिक स्पर्धांत ५०० मीटरच्या तिन्ही होड्यांत, म्हणजे के-१, के-२ आणि के-४मध्ये, सुवर्ण तिचंच होतं. १९८५ आणि १९८७लाही तेच. लॉस एंजेलिसला महिलांचा के-४ पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये आला आणि नेमका तोच तिचा भरातला काळ होता. 'तीन सुवर्ण गेली' असं मात्र लिहू नका, न झालेल्या शर्यतीचा निकाल कुणालाच लावता येत नाही. तिन्ही प्रकारांत जगज्जेती असूनही तिला उतरता आलं नाही, एवढं पुरेसं आहे आणि तेच जास्त बोचतं.

उत्तर : डावं_पातं

वयाचं उत्तर होडीनुसार पदकं मांडली की अर्धं मिळतं. ८ सुवर्णांपैकी के-१ची २ (१९८०, १९९२), के-२ची २ (१९८८, २०००), के-४ची ४ (१९८८, १९९६, २०००, २००४). बार्सिलोनानंतरची सगळी ऑलिंपिक पदकं के-२ आणि के-४ची आहेत. तिशीनंतर स्फोटक ताकद हळूहळू उतरते. पण ५०० मीटरला लागणाऱ्या ऊर्जेचा निम्म्याहून जास्त वाटा ऑक्सिजनवर चालणारा असतो, आणि तो दम नियमित सरावाने बराच टिकतो. तंत्र तर त्याहून टिकतं.

आता तंत्र. मॉस्कोला चपट्या पात्यांचं वल्हं होतं, ते होडीला लागून सरळ मागे ओढायचं. १९८०च्या दशकाच्या मध्यात स्वीडनमधून विंग पातं, म्हणजे विमानाच्या पंखासारखं वळलेलं पातं, आलं. ते पाण्यात गेल्यावर होडीपासून बाहेरच्या बाजूला सरकतं, आणि ओढ हाताने नाही तर धड फिरवून काढावी लागते. क्रम असा: पातं पायाच्या पंजाजवळ पूर्ण बुडवायचं, त्याच बाजूच्या पायाने फूटबोर्ड (होडीतली पाय टेकवायची फळी) दाबायचा, कंबर मागे फिरवायची, आणि पातं नितंबाच्या रेषेत येताच बाहेर काढायचं. चुका दोन ठिकाणी होतात. कोपर लवकर वाकला की पाठीच्या मोठ्या स्नायूंऐवजी दंड दमतात. पातं उशिरा काढलं की ते पाणी वर उचलतं आणि होडीचं शेपूट खाली दाबलं जातं. जुन्या वल्ह्यावर जगज्जेती झालेली खेळाडू नव्या वल्ह्यावरही जिंकत राहते, ही मला तिच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

के-४मध्ये चौघींची पाती एकाच क्षणी पाण्यात जायला हवीत. एखादी जरी मागे राहिली तरी होडी प्रत्येक स्ट्रोकला गचके खाते. शिवाय होडी वेगात असल्याने पाण्यावर पकड घ्यायला वेळ कमी मिळतो. तिथे अनुभव थेट कामाला येतो.

पाणकाठ

नाव आणि देश दोन्ही बदलून शोधलं, १२ भरली. आता मॉस्को (१:५७.९६) आणि बार्सिलोना (१:५१.६०) इथल्या तिच्या के-१च्या वेळा शेजारी ठेवून 'सहा सेकंदांची प्रगती' असं लिहू का?

उत्तर : लाटकरी

नको. समोरून वारा असेल तर सेकंद सहज वाढतात, पाठीमागून असेल तर घटतात. मधल्या काळात वल्हंही बदललं. अथेन्सपर्यंत होडीसुद्धा बदलली: के-१ची किमान रुंदी ५१ सेंमी ठेवण्याचा नियम सिडनी २०००नंतर रद्द झाला आणि होड्या अरुंद झाल्या. त्यापेक्षा त्याच शर्यतीतलं अंतर द्या. अथेन्सला के-४मध्ये जर्मनी १:३४.३४०, हंगेरी १:३४.५३६, म्हणजे ०.१९६ सेकंदाचा फरक. सोलच्या के-१मध्ये बल्गेरियाच्या वान्या गेशेवाकडून ती हरली तेव्हाही फरक ०.१२ सेकंदाचाच होता. हे दोन आकडे शेजारी ठेवलेत तर वाचणाऱ्याला शर्यत कळेल.