फाल्गुनात गोठ्यात जन्मलेली पिल्ले: आपापले अनुभव लिहावेत

काल शेजारच्या ताईंनी वाटीभर खरवस आणून दिला आणि त्याच्या वासासरशी औसा तालुक्यातील आमच्या आखाड्यावरचा, म्हणजे शेतातल्या गोठ्यावरचा, एक फाल्गुन मला आठवला. आमची उस्मानाबादी शेळी त्या वर्षी तीन करडे व्याली होती. या जातीला जुळे होणे नेहमीचेच आहे, पण शेळीला सड दोनच असल्यामुळे तिसऱ्याचे हाल होतात. दोन धट्टी करडे दोन्ही सड धरून बसत आणि तिसरी, काळीभोर, कानांवर पांढरे ठिपके असलेली पाठ (मादी करडू), मागे ढकलली जाऊन भिंतीपाशी थरथरत उभी राहत असे. आजी दिवसातून चार वेळा त्या दोघांना डालग्याखाली कोंडत असे, शेळीला गुडघ्यांत धरत असे आणि पाठीचे तोंड सडाला लावत असे. शाळेतून आल्यावर संध्याकाळची पाळी माझी होती. ती पाठ लिंबाची कोवळी पालवी कुरतडू लागली, त्या दिवशी आजी पहिल्यांदा निर्धास्त झोपली. आपल्या घरी अशी पिल्ले कोणी आणि कशी जगवली, ते सविस्तर लिहावे.

लोहा तालुक्यातून:
आमच्याकडे लाल कंधारी गाई होत्या. घरात पाहुणे असोत की चहाला दूध कमी पडो, चार सडांपैकी एक सड वासराचा, हा आजोबांचा नियम कधी मोडला नाही. त्या गाईंचे गोऱ्हे पुढे औताला चालताना पाहिले, की त्या सोडलेल्या सडाचा हिशेब आम्हाला कळत असे.

उदगीरहून:
ताई, खरवसाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमची देवणी गाय पहिलटकरीण होती आणि पहाटे व्याली. वार (व्याल्यावर बाहेर पडणारी झार) पडल्याशिवाय वासराला पाजायचे नाही, अशी आमच्या घरची जुनी समजूत होती. वार दुपारनंतर पडली. तोवर वासरू उभे राहून कासेकडे धडपडत होते आणि मी, दहा वर्षांचा मुलगा, त्याला दाव्याने मागे ओढून धरत होतो. तिसऱ्या दिवशी त्याला हगवण लागली आणि पाचव्या दिवशी ते गेले. गाय पुढे कितीतरी दिवस त्या खुंट्याकडे पाहून हंबरत होती. ते दावे माझ्या हातात होते, हे मी आजही विसरलेलो नाही.

पशुवैद्यकीय दवाखान्यात काम केलेले एक सदस्य:
दादा, आपण लहान होतात आणि मोठ्यांनी सांगितले तेच केलेत, त्यामुळे तो दोष आपला नाही. मात्र ही समजूत अजून अनेक घरांत आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. वार पडण्याचा आणि चीक, म्हणजे व्याल्यानंतरचे पहिले घट्ट दूध, पाजण्याचा काही संबंध नाही. उलट वासरू चोखू लागले, की गर्भाशय आकुंचन पावून वार पडायला मदतच होते. नवजात वासराच्या रक्तात रोगाशी लढणारी द्रव्ये जवळजवळ नसतात. ती चिकातूनच मिळतात, आणि आतड्यातून ती रक्तात शोषून घेण्याची क्षमता पहिल्या काही तासांत सर्वांत चांगली असते व सुमारे 24 तासांत संपते. म्हणून पहिला चीक तास-दोन तासांच्या आत पोटात जायला हवा. नाळेला टिंचर आयोडीन लावावे आणि 10 ते 15 दिवसांनी डॉक्टरांना विचारून जंताचे औषध द्यावे.

परळीहून:
वाचून डोळे भरून आले. आमच्याही घरी हेच होत असे.

बीड जिल्ह्यातून:
2019 च्या उन्हाळ्यात आमची जनावरे चारा छावणीत होती आणि तिथेच आमची गाय व्याली. उसाचे वाढे खाऊन तिला दूध किती येणार? शेजारच्या दावणीच्या मावशींनी, आमची काही ओळख नसताना, आपल्या गाईचे तांब्याभर दूध आठ दिवस कालवडीला दिले. दुपारी पत्रा तापला, की आई ओले पोते कालवडीच्या डोक्यावर बांधलेल्या गोधडीवर टाकत असे. ती कालवड आता तीन वेळा व्याली आहे.

तुळजापूरजवळून:
मला आजच्या आज मदत हवी आहे. शेळी काल रात्री व्याली आणि एका करडाला जवळ येऊ देत नाही. बाटलीने किती पाजावे?

दवाखान्यातील सदस्य:
शेळीला धरून तिचाच चीक काढा आणि कोमट असतानाच पाजा. करडू अडीच किलोचे असेल तर दिवसाला पाव लिटर धरा, पण ते चार-पाच वेळा विभागून द्या. बाटली फार उंच धरू नका, दूध फुफ्फुसात जाते. रात्री अजून गारवा असतो, तेव्हा खाली कोरडी गुळी (भुसकट) अंथरा.

औसा, धागा सुरू करणारी:
करडाच्या अंगावर थोडे मीठ चोळून पाहावे. चाटता चाटता शेळीला त्याची ओळख पटते, असा आजीचा अनुभव होता.

हिंगोलीहून:
म्हशीच्या रेडकाबद्दल कोणीच लिहिले नाही. वगार (मादी) असली तर तिला दूध मिळते, हल्या (नर) असला तर त्याला उपाशी ठेवतात आणि तो गेला की पान्हा येण्यासाठी त्याच्या कातड्यात भुसा भरून भोत करतात. आमच्या वडिलांना हे सहन होत नसे. ते हल्यालाही दूध प्यायला सोडत आणि उरलेलेच डेअरीला घालत. घरात यावरून वाद होत, पण मला वडिलांचेच पटत असे.

तुळजापूरजवळून:
मीठ चोळले. शेळीने दोनदा चाटले आणि पुन्हा ढकलले, पण आता धरल्यावर पाजू देते. बाटलीने सकाळपासून तीन वेळा पाजून झाले आहे. रात्री अकराची पाळी माझ्या मुलीने मागून घेतली आहे.