शब्दचर्चा: जुन्या बेसची 'रास्त' किंमत म्हणजे नेमकी कुठली?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

जुने बेस गिटार विकत घेताना किंमत कशी जोखावी यावर मराठीत चार पानं लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्याला अडलो. वाक्य होतं: 'विंटेज बेसची रास्त किंमत कशी ओळखावी?' 'रास्त' म्हटलं की सरकारी परिपत्रकाचा वास येतो. 'वाजवी' बरा वाटतो, पण वाजवी कुणाच्या हिशेबाने, घेणाऱ्याच्या की विकणाऱ्याच्या? 'योग्य' अगदीच गुळमुळीत. त्यात भाव, किंमत, दर, मोल यांतलं काय वापरायचं हा घोळ वेगळाच.

'विंटेज'चंही तेच. 'जुना' म्हटलं की अडगळीतला वाटतो, 'जुनाट' म्हटलं की आजार आठवतो, 'पुरातन' म्हटलं की उत्खनन. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

(आणि हो, मी 'बेस' लिहितो. 'बास' लिहिणाऱ्यांशी भांडण नाही, पण 'मला बास हवा आहे' हे वाक्य एकदा मोठ्याने म्हणून पाहा.)

उलटतपासणी

भाव जिनसेचा असतो, किंमत नगाची. सोन्याला भाव असतो, अंगठीला किंमत. म्हणून '१९६४ सालच्या जॅझ बेसचा (फेंडर कंपनीचं एक मॉडेल) सध्या काय भाव आहे' हे वाक्य बरोबर आहे, पण समोर टेबलावर ठेवलेल्या एका विशिष्ट बेसला भाव नसतो, किंमत असते. भाव माहीत असणं ही सुरुवात. तिथून त्या नगाच्या किमतीपर्यंत येताना जी वजाबाकी करावी लागते, तिथेच सगळी अक्कल लागते. 'दर' इथे बसतच नाही. दर पत्रकावर छापलेला असतो आणि सगळ्यांना सारखा असतो.

मोल ही ज्याच्या त्याच्या मनातली गोष्ट. 'हा बेस माझ्या काकांनी आयुष्यभर वाजवला' हे विकणाऱ्याचं मोल झालं. ते मान हलवून ऐकावं, किमतीत धरू नये.

आता खरी गंमत क्रियापदांत आहे. आपण किंमत *लावतो*, किंमत *येते* आणि वस्तू आपल्याला अमुक एवढ्याला *पडते*. जुन्या बेसच्या व्यवहारात या तीन वेगवेगळ्या रकमा आहेत. जाहिरातीत दिसते ती लावलेली किंमत. नवखा माणूस अशा दहा जाहिराती बघतो, सरासरी काढतो आणि त्याला 'बाजारभाव' म्हणतो. पण ज्यांना गिऱ्हाईक मिळालं ते बेस यादीतून गेलेले असतात. महिनोन् महिने तिथे लटकलेले दिसतात, त्यातले बरेच त्या किमतीला कुणी घेत नाही म्हणूनच लटकलेले असतात. सरासरी निघते ती त्यांची! भाव ठरवायचा तो आलेल्या किमतींवरून, म्हणजे सौदा खरोखर पटला त्या रकमांवरून. विक्रीच्या संकेतस्थळांवर झालेल्या सौद्यांची नोंद बहुतेक वेळा वेगळी पाहता येते. लिलावाचा आकडा असेल तर त्यात लिलावघराचं कमिशन धरलंय का, हेही बघावं.

पडलेली किंमत सर्वांत शेवटी कळते. वाहतूक, सीमाशुल्क, फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या तारा) घासून घ्यायचा खर्च. साठच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या बऱ्याच फेंडर बेसच्या फिंगरबोर्डला (मानेवरची बोटं टेकवायची फळी) ब्राझिलियन रोझवूड असतं. ते लाकूड १९९२ पासून साइट्स (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय) कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे असा बेस विकत घेऊन सरहद्द ओलांडायची तर परवान्याचे कागद लागतात. स्वस्तात लागलेला बेस महागात पडतो तो असा.

सालवार

उलटतपासणींशी सहमत. 'विंटेज'बद्दल थोडं. हा शब्द मुळात द्राक्षांच्या तोडणीचा. लॅटिन 'विंदेमिया', त्यावरून फ्रेंच 'वांदांज', पुढे इंग्रजीत वाइन कुठल्या सालच्या द्राक्षांची ते सांगायला 'विंटेज'. म्हणजे या शब्दाचा गाभा जुनेपणात नसून सालात आहे. मराठीत आपण 'अमुक सालचा' म्हणतो ते याला सर्वांत जवळचं. नुसतंच 'विंटेज बेस विकणे आहे' अशी जाहिरात दिसली, तर 'कुठल्या सालचा?' हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर नसेल तर तो शब्द भाव चढवण्यापुरताच घातलाय असं समजावं.

साल का महत्त्वाचं? फेंडरचा प्रिसिजन बेस आला १९५१ मध्ये. १९५७ मध्ये त्याला आजही ओळखीचा असलेला दोन तुकड्यांचा पिकअप (तारांची कंपनं टिपणारा चुंबकीय भाग) मिळाला. १९५९ पासून रोझवूडचा फिंगरबोर्ड आला, तोही आधी जाड पाटीसारखा आणि १९६२ च्या मध्यापासून पातळ. जॅझ बेस १९६० चा. पहिली दोनेक वर्षं त्याला एकावर एक बसवलेल्या बटणांच्या दोन जोड्या असत, ज्यांना 'स्टॅक नॉब' म्हणतात. मग तीन साधी बटणं आली. आणि जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली. त्या एका तारखेने 'प्री-सीबीएस' नावाची भिंत उभी राहिली. एका रात्रीत कारखान्यातली लाकडं बदलली नाहीत की कारागीर बदलले नाहीत, तरी १९६४ आणि १९६६ च्या भावात मोठी दरी असते. ती न्याय्य आहे का, हा वेगळा वाद. माझ्या मते वाजवायलाच घ्यायचा असेल तर भिंतीच्या अलीकडचा, म्हणजे १९६५ नंतरचा घ्यावा.

आता मराठीतला एक सापळा. '६२ चा जॅझ बेस' आणि '६२ च्या धर्तीचा जॅझ बेस' यांत फक्त एका शब्दाचा फरक आहे, किमतीत मात्र अनेक पटींचा. फेंडरने १९८२ पासून १९५७ आणि १९६२ च्या नमुन्यांवर बेतलेले रीइश्यू काढले, अमेरिकेत आणि जपानमध्येही. जाहिरात लिहिणारा 'धर्तीचा' सोयीस्करपणे गाळतो आणि 'चा' तेवढा ठेवतो. मजा म्हणजे ते १९८२ चे रीइश्यू आता स्वतःच चाळिशी पार करून बसलेत, त्यामुळे जपानी 'जेव्ही' अनुक्रमांकाच्या बेसलाही आता स्वतःचा भाव आहे.

खर्जातला

माझ्या मते सगळ्यात महाग गोंधळ 'ओरिजिनल' या शब्दात आहे. मराठीत आपल्याकडे त्यासाठी दोन शब्द आहेत आणि आपण ते एकाच अर्थाने वापरून वाया घालवतो: अस्सल आणि मूळ.

अस्सल म्हणजे नक्कल नसलेला. मूळ म्हणजे पहिल्यापासून तिथेच असलेला. समजा, १९६३ च्या बेसमधला एक पिकअप जळाला आणि कुणीतरी दुसऱ्या १९६३ च्या बेसमधला काढून तिथे बसवला. हा पिकअप अस्सल आहे, पण मूळ नाही. विकणारा 'सगळं ओरिजिनल आहे' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसेलही. तो 'अस्सल' म्हणतोय आणि तुम्ही 'मूळ' ऐकताय. फरक किमतीत उमटतो. पुढे याच रस्त्याने गेलं की १९६४ ची बॉडी, १९६६ ची नेक (मान), कुठून तरी आलेला ब्रिज (बॉडीवरचा तारांचा आधार) अशी गोधडी तयार होते. प्रत्येक तुकडा अस्सल, पण बेस कुठल्याच सालचा नाही.

म्हणून 'ओरिजिनल आहे का?' असं विचारूच नये. भागवार विचारावं: नेक मूळ आहे का, पिकअप मूळ आहेत का, रंग मूळ आहे का, पॉट (आवाजाच्या बटणांखालचे विद्युत भाग) मूळ आहेत का, तारजोडणीचा टाका कधी उघडला गेलाय का. आणि पुरावा म्हणून फोटो मागावेत. जुन्या फेंडरची नेक चार स्क्रूंवर असते. ती उतरवली की टाचेवर (बॉडीत बसणाऱ्या टोकावर) आधीच्या काळात पेन्सिलीने लिहिलेली आणि १९६२ पासून शिक्क्याने उठवलेली तारीख सापडते. शिक्क्यात महिन्याच्या आधी जो आकडा दिसतो तो दिनांक नाही, नेकच्या प्रकाराचा संकेतांक आहे. शेवटचं अक्षर नटपाशी (वरच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या तुकड्यापाशी) नेक किती रुंद आहे ते सांगतं: ए म्हणजे दीड इंच, सी म्हणजे पावणेदोन इंच.

मग कंट्रोल प्लेट उघडावी. पॉटच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. ३०४ ने सुरुवात असेल तर स्टॅकपोल कंपनीचा, १३७ ने असेल तर सीटीएस कंपनीचा. पुढे साल आणि आठवडा. ३०४६३४२ म्हणजे स्टॅकपोल, १९६३, बेचाळिसावा आठवडा. यावरून बेस त्या आठवड्यातला ठरत नाही, त्याआधीचा नाही एवढंच ठरतं. १९६६ चे पॉट तर फेंडरकडे इतके साठून होते की पुढची काही वर्षं ते वापरत राहिले. टाक्यांवर जुनं शिसं मंद, राखाडी दिसतं. मध्येच एक टाका चकचकीत असला तर तिथे कुणाचा तरी हात फिरलाय.

अनुक्रमांकावर मात्र विसंबू नका. १९७६ पर्यंत तो नेकमागच्या धातूच्या पट्टीवर असायचा, आणि ती पट्टी एका बेसवरून काढून दुसऱ्याला लावायला स्क्रूड्रायव्हर पुरतो.

मंद्रसप्तक

अस्सल आणि मूळचा भेद झकास! उचलतोय. पण मग 'मूळ नाही' याची किंमत किती कापायची? त्या कापण्याला काय म्हणू? 'सूट' म्हटलं की सणासुदीची जाहिरात वाटते.

उलटतपासणी

'बट्टा' म्हणा. तयार शब्द आहे, विस्मरणात गेलाय इतकंच. झिजलेलं किंवा परमुलखातलं नाणं सराफाकडे नेलं की तो जी रक्कम कापून घ्यायचा तो बट्टा. शिवाय नावाला लागतो तोही बट्टाच. एकाच शब्दात डाग आणि त्यापायी झालेली वजावट, दोन्ही येतात. आपल्याला नेमकं हेच हवंय.

उदाहरणार्थ, बॉडी पुन्हा रंगवलेली असेल तर बाजारात साधारण निम्मा बट्टा धरतात. गिब्सनच्या ईबी-३ किंवा थंडरबर्डसारख्या बेसना हेडस्टॉक (मानेचं वरचं टोक) मागे कललेला आणि नेक महोगनीची, त्यामुळे पडला की मानेतच मोडतो. चांगलं चिकटवलं तर आवाजात फरक कळत नाही, तरी बट्टा मोठाच बसतो. फ्रेट बदलले असतील तर काम चांगलं असल्यास बट्टा किरकोळ; पन्नास-साठ वर्षं वाजलेल्या बेसचे फ्रेट कधीतरी संपणारच. तारा पिळायच्या खुंट्या बदललेल्या, पण मूळच्या डबीत जपून ठेवल्या असतील तरी किरकोळ. खुंट्या बसवताना नवी भोकं पाडली असतील तर मात्र ती बुजवली तरी राहतात.

घासाघीस

'रास्त'ची बाजू घेतो. फारसी 'रास्त' म्हणजे सरळ, खरा. 'तुमचं म्हणणं रास्त आहे' यात सरकार कुठे आलं? 'वाजवी' हा अरबी 'वाजिब'वरून, म्हणजे देणं लागतं असा. मला 'रास्त' इथे जास्त पटतो: जी किंमत वस्तूच्या खऱ्या वर्णनाशी सरळ रेषेत आहे ती रास्त. रंग दुसऱ्यांदा दिलेला, तसं स्पष्ट लिहिलेलं, आणि त्याप्रमाणे कापलेली किंमत, ही रास्त. तोच बेस 'मूळ रंग' म्हणून त्याच किमतीला विकला तर रक्कम तीच असूनही व्यवहार रास्त नाही.

अवांतर: या नावाने लिहितो खरा, पण जुन्या बेसवर फार घासाघीस करत नाही. भागवार प्रश्न विचारले की विकणारा आपणहून उतरतो.

तारतम्य

सगळे बट्ट्याचंच बोलताहेत. झिजेचं काय? घरातल्या इतर वस्तू झिजल्या की किंमत उतरते, हिशेबाच्या वहीत त्याला 'घसारा' म्हणतात. जुन्या बेसला घसारा जवळपास लागत नाही. हाताच्या कोपरापाशी रंग उडालेला, अंगठा टेकून लाकूड उघडं पडलेलं, नायट्रोच्या (नायट्रोसेल्युलोज वार्निशच्या) लेपाला बारीक भेगा, हे सगळं झीज. ती चालते, काहींना तर आवडते. न चालणारा असतो तो फेरफार: जास्तीचा पिकअप बसवायला खोदलेला खड्डा, ब्रिजसाठी नवी भोकं. झीज वाजवण्याने होते, फेरफार माणूस करतो. कारखान्यातून मुद्दाम झिजवून येणारे नवे 'रेलिक' बेस या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. त्यांना 'झिजवलेला' म्हणावं, 'झिजलेला' नव्हे.

आणि जे बट्ट्याचे बेस आहेत ना, पुन्हा रंगवलेले, मान जोडलेले, ते मला सर्वांत रास्त वाटतात. बँडमध्ये वाजवणाऱ्याला कपाटात ठेवायचा नसतो. इंग्रजीत 'प्लेअर ग्रेड' म्हणतात. आपण 'वाजवता बेस' म्हणू या का? वाहती नदी, चालतं दुकान, तसा वाजवता बेस.

खर्जातला

'वाजवता'ला अनुमोदन नाही. बेस वाजतो, वाजवतो माणूस. 'वाजता बेस' चालेल. पण वाजता आहे की नाही हे पाहायची एक जागा सांगतो: ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली, तिचा बाक सरळ करणारी सळी. जुन्या फेंडरमध्ये तो नेकच्या टाचेकडून पिळतात, त्यासाठी बहुधा नेक उतरवावी लागते. रॉडचा नट शेवटपर्यंत पिळलेला असूनही नेक धनुष्यासारखी वाकलेली असेल, तर बट्टा विसरा. आधी वाद्य दुरुस्त करणाऱ्याला दाखवा आणि तो सांगेल ते पडलेल्या किमतीत धरा.

मंद्रसप्तक

'वाजता' घेतो. एक शेवटची शंका. रंग पूर्ण नवा नाही, पण एका कोपऱ्यावर थोडासा लावलाय, त्याला काय म्हणावं? 'पुन्हा रंगवलेला' लिहिलं तर निम्मा बट्टा बसेल आणि विकणाऱ्यावर अन्याय होईल.

सालवार

'डागडुजी' लिहा, आणि कुठे, केवढी ते इंचात लिहा. काळ्या उजेडाच्या (अतिनील) दिव्याखाली नवा लेप जुन्या नायट्रोपेक्षा वेगळा उजळतो, त्यामुळे फोटोतही हद्द कळते. डागडुजीला बट्टा थोडाच. पण लपवलेली डागडुजी सापडली, तर विकणाऱ्याने बाकी जे जे 'मूळ' म्हणून सांगितलंय ते सगळं पुन्हा उघडून बघावं लागतं.